अर्ध्या टाकीचं सेटिंग

उज्ज्वला बोरसेत एक मोठा दुर्गुण होता. ती बहुतेक वेळा बरोबर असायची. सुरतच्या उधन्यातल्या व्हील अलाइनमेंटच्या दुकानात ती अकरा वर्षं चाकं सरळ करत होती, आणि एखादा गाडीवाला "बाई, जरा नीट बघा हं" असं म्हणाला, की ती त्याच्याकडे अशी काही बघायची की तो बिचारा पुढचा अर्धा तास चहाच्या हातगाडीवर काढायचा. काम झालेली गाडी परत घेऊन भांडायला आलेली माणसं तिने एवढ्या वर्षांत दोनच पाहिली होती. त्यातल्या एकाने मधल्या काळात गाडी दुभाजकावर चढवली होती.

हे ऐकूनच चंचलबेनने आपली रॅलीची गाडी तिच्या हवाली केली. चंचलबेन म्हणजे साड्यांच्या पेढीची मालकीण. वय अठ्ठावन्न. नवरा गेल्यावर मुलं आईला म्हणाली, बा, आता चारधाम करून ये. बाईने मुलांच्या हातात पेढी दिली आणि चारधामऐवजी एक पंधरा वर्षं जुनी, ठोकून ठोकून घट्ट केलेली लाल गाडी विकत घेतली. स्वतःला चालवता येत नव्हती, म्हणून ड्रायव्हर शोधला तोही आपल्या पद्धतीने. एकदा माल घाईचा होता म्हणून ती डिंडोलीच्या योगेंद्रच्या टेम्पोत पुढे बसली होती. उधन्यापासून मार्केटपर्यंत त्या पोराने कापडाचे ताके भरलेला टेम्पो असा काही नेला, की उतरताना बाईचे डोळे चमकत होते. "रॅली चलावीश?" तिने तिथेच विचारलं. साच्यांवर, म्हणजे पॉवरलूमवर, बारा-बारा तास उभा राहणाऱ्या धुडकू कारागिराचा हा पोरगा, सत्तावीस वर्षांचा. त्याला आधी वाटलं बाई थट्टा करते आहे.

थट्टा नव्हती. दीड वर्षात दोन छोट्या रॅल्या झाल्या, एकीत तिसरा नंबर आला, आणि आता नाशिकची मोठी रॅली चार दिवसांवर होती. आज दुपारी चार वाजता ट्रक येऊन गाडी घेऊन जाणार होता. आणि नेमकी आजच, इच्छापोरच्या कारखान्यांमागच्या खाजणाकाठी, सगळी गणितं फिसकटायला आली होती.

तिथे मातीचा एक रस्ता होता, सहा किलोमीटरची एक फेरी. टाकी भरून निघायचं आणि बारा फेऱ्या मारून थांबायचं, कारण नाशिकचा सगळ्यात लांब टप्पाही तेवढाच होता. पहिल्या सहा फेऱ्या गाडी लोण्यातून सुरी जावी तशी जायची. सातवीपासून मात्र तिच्या अंगात यायचं. बाभळीच्या वळणाआधी योगेंद्रने ब्रेक दाबला, की मागची बाजू सुटायची, बाहेर फेकली जायची, आणि तो स्टिअरिंगशी झोंबत कसाबसा गाडी वळवायचा. पाच मिनिटं चार सेकंदांची फेरी पाच एकोणीसवर जायची. सलग तिसऱ्या दिवशी हेच झालं.

"ताई, मागून सुटते गं. मी काही करत नाही, आपोआप सुटते," योगेंद्र म्हणाला. घामाने त्याचे केस कपाळाला चिकटले होते.

उज्ज्वलाने नेहमीप्रमाणे टाकी अर्धी भरून परत माप घेतलं. मशीन इथे नव्हतंच. गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँड लावून नायलॉनचा धागा ताठ बांधायचा आणि धाग्यापासून चाकाच्या रिमची पुढची कड किती लांब, मागची किती, ते पोलादी पट्टीने मोजायचं. रॅलीच्या मैदानात सगळीकडे असंच करतात. मागची चाकं पुढच्या बाजूने किंचित आत वळलेली असावी लागतात, पावलं आत टाकून चालणाऱ्या माणसासारखी. त्याला टो-इन म्हणतात. आत असली की गाडीची शेपूट जागेवर राहते, बाहेर वळली की शेपटीला पाय फुटतात. उज्ज्वलाचं माप आलं दोन मिलिमीटर आत. डावीकडे दोन, उजवीकडे दोन. केसाचाही फरक नाही.

"नाचता येईना, अंगण वाकडं," ती पट्टी पुसत म्हणाली. तिच्या मते हे ती स्वतःशीच म्हणाली होती. पण तिचं 'स्वतःशी' चार माणसांना सहज ऐकू जायचं.

चंचलबेन छत्री घेऊन जवळ आली. "साचुं बोल, उज्ज्वला, खरं सांग. गाडी की माणूस?"

"गाडी बरोबर आहे, बेन. सातव्या फेरीनंतर माणूस थकतो."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. चंचलबेन फोन काढून बाजूला गेली. वडोदऱ्याला एक ड्रायव्हर होता, तिला महिनाभर निरोप पाठवत होता. तिचा आवाज वाऱ्यावर स्पष्ट येत होता: हो, नाशिकला, हो, सीट रिकामी आहे. योगेंद्रनेही ऐकलं. तो भांडला असता तर उज्ज्वलाला बरं वाटलं असतं, भांडणात ती हुशार होती. तो भांडला नाही. हातमोजे काढून त्याने हेल्मेटमध्ये ठेवले, हेल्मेट बॉनेटवर ठेवलं आणि मुख्य रस्त्याकडे चालू लागला.  आपण बरोबर आहोत, असं उज्ज्वलाने स्वतःला सांगितलं, आणि आधीच पुसलेली पट्टी परत पुसली.

अशा वेळी तिचे वडील डबा घेऊन पोचले. हिलालनानांनी उधन्यात एकतीस वर्षं साच्यांचा फिटर म्हणून काम केलं होतं. आता ते घरी असायचे आणि शोभाबाईंना, म्हणजे बायकोला, स्वयंपाकघरातले स्क्रू आवळून आवळून त्रास द्यायचे. काल आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली होती, म्हणून शोभाबाईंनी उरलेल्या सांजोऱ्यांसह त्यांना घराबाहेर काढलं होतं.

"काय व पोरी, तोंड काबरं असं करी राह्यनी?" त्यांनी डबा टायरवर ठेवत विचारलं. लेकीशी ते अहिराणीच बोलायचे आणि तीही.

तिने सगळं सांगितलं. नानांनी ऐकता ऐकता ताणलेल्या धाग्याला बोटाने टिचकी मारली, सवयीने. ताण ठीक होता.

"कितव्या फेरीले सुरू व्हस?"

"सातव्या."

"आनी पहिल्या फेरीले काहीच नही?"

"काहीच नही."

"तव्हय टाकी भरेल ऱ्हास," नाना म्हणाले. "मंग तू माप कव्हय लेस?"

"अर्धी टाकी ठेईसन. तुम्हनंच शिकाडेल शे ना!"

हे खरं होतं. साच्याच्या मागच्या अंगाला ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांनी भरलेला जाड रूळ असतो, त्याला बीम म्हणतात; साखळीला टांगलेली वजनं त्याचा ताण धरतात. कापड विणलं जातं तसा बीम रोडावतो आणि धाग्यांचा ताण बदलत जातो. म्हणून फिटर सेटिंग लावतो ते अर्ध्या बीमवर. भरल्यावरही फार चुकत नाही, रिकाम्यावरही फार चुकत नाही. लहानपणी बापाच्या मागे पाना घेऊन फिरताना उज्ज्वलाने हे मनात कोरून घेतलं होतं. गाडीच्या शेजारच्या सीटवर वाट सांगणाऱ्या नेव्हिगेटरच्या वजनाची वाळूची गोण, डिकीत दोन जादा चाकं आणि टाकी अर्धी. एवढं ठेवूनच ती मागचं सेटिंग करायची. सुरतेत दुसरा कुठलाही अलाइनमेंटवाला असं करत नसेल. तिला त्याचा अभिमान होता.

नाना खाली बसले. सांजोरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"मी साचाना फिटर व्हतू, पोरी. अर्ध्या बीमवर लाईसन मी घर निंघी जाऊ. पन मांगे कारागीर उभा ऱ्हाये ना! बीम रिकामं व्हये तसं तो साखयीवरलं एक एक वजन काढे. तुनी गाडीमा चालता चालता वजन कोन काढी?"

उज्ज्वलाची नजर टाकीच्या झाकणाकडे गेली. 

"आनी कधी कारागीरनं ध्यान नही ऱ्हायनं, शेवटना ताका खराब निंघना, की आम्ही काय सांगूत?" नाना हसले, पण ते हसणं काही चांगलं नव्हतं. "कारागीर झोपना."

ती उठली ती धावतच. प्लॅस्टिकचा कॅन आणला, नळी आणली, टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढायला लागली. टाकी मागच्या सीटखाली होती. पेट्रोल उतरत गेलं तशी गाडीची मागची बाजू हळूहळू वर आली. नुसत्या डोळ्याला कळणारही नाही, बोटाच्या पेराच्या अर्धीही नाही. पण धाग्याला कळत होतं. पाव टाकीवर तिने पट्टी लावली. दोन मिलिमीटर आत असलेलं चाक आता सरळ होतं. अगदी शून्य. तिने परत मोजलं. शून्य. आणखी पेट्रोल काढलं, तळाशी थोडंच उरलं, तेव्हा पट्टीने दाखवलं ते बघून ती जमिनीवर मांडी घालून बसली.

"नाना! बाहेर! दीड मिलिमीटर बाहेर शे!"

त्यावर ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालणार, मागची बाजू आणखी वर येणार, चाकं आणखी बाहेर तोंड करणार. सातव्या फेरीला टाकी अर्ध्याच्या खाली जायची. बाराव्या फेरीपर्यंत तो पोरगा बाहेर तोंड केलेल्या चाकांवर गाडी चालवत होता, आणि तरी एकदाही त्याने ती बाभळीला नेऊन ठोकली नव्हती. थकलेल्या माणसाचं हे काम नव्हतं.  अंगण खरोखरच वाकडं होतं आणि त्या अंगणात तो तीन दिवस नाचत होता!

आता का, ते शोधायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत, कारण बघायचं कुठे ते कळलं होतं. ती गाडीखाली शिरली. मागच्या प्रत्येक चाकाला दोन दांड्या होत्या. एक जाड, वजन पेलणारी. दुसरी बारीक, चाकाचं तोंड धरून ठेवणारी. खड्ड्यांसाठी गाडी दोन इंच उंच केली तेव्हा जाड दांडीचं आतलं टोक नव्या ब्रॅकेटवर खाली आणलं होतं, बारीक दांडीचं मात्र होतं तिथेच राहिलं होतं. जाड दांडी जवळजवळ आडवी, बारीक तिरकी. दोघी एकाच चाकाला धरून दोन वेगळ्या वाटेने झुलत होत्या. चाक वर-खाली झालं की बारीक दांडी त्याचं तोंड वळवायची. अर्ध्या टाकीवर सगळं गुण्यागोविंदाने, म्हणून तिला दिसलंच नव्हतं. ती बघतच होती फक्त तेवढ्या एका उंचीवर.

"अठरा मिलिमीटरचा ठोकळा," पट्टीने फरक मोजून ती गाडीखालूनच ओरडली. "दोन ठोकळे! बारीक दांडी अठराने खाली आणली की झालं!"

घड्याळात साडेबारा वाजले होते. चंचलबेन फोन संपवून, "हवे शुं थयुं, आता काय झालं?" विचारत आली, तोवर उज्ज्वला स्कूटरवर बसून धुरळा उडवत गेलीही होती. इच्छापोरच्या एस्टेटमध्ये लेथवाला जेवायला बसत होता. त्याच्या ताटासमोर उभी राहून ती नुसती बघत राहिली. तेच ते बघणं. त्याने ताट झाकलं आणि लेथ सुरू केलं.

परतताना, गरम ठोकळे खिशात टाकून, तिने रस्त्याच्या कडेने योगेंद्रला शोधलं. तो नाल्याच्या कठड्यावर बसला होता, रिक्षा येऊन गेल्या तरी न उठलेला.

"बस मागे," ती म्हणाली.

"कशाला?"

"दोन फेऱ्या मारायच्यात."

"थकेन मी, ताई."

 सगळं आत्ताच इथेच सांगून टाकावं असं उज्ज्वलाला वाटलं, पण ठोकळा बसून गाडी धावेपर्यंत ती नुसती बडबड ठरली असती, आणि बडबड तिने आज पुरेशी केली होती. "बस रे," ती एवढंच म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता म्हणून की काय, तो बसला.

बोल्ट निघेनात. एकावर नानांनी पान्याला पाइप घालून जोर लावला तेव्हा तो असा कर्रकन सुटला, की त्यांनी मागच्या मागे बसकण मारली आणि तिथूनच "हां, आते सुटना!" असं जाहीर केलं. ठोकळे बसले. धागा परत ताणला. तळाच्या पेट्रोलवर माप: दोन आत. कॅनमधून पेट्रोल ओतून अर्धी टाकी: सव्वादोन आत. भरून: अडीच. उज्ज्वलाला पट्टीचा मुका घ्यावासा वाटला. मग दोन फेऱ्यांपुरतं पेट्रोल ठेवून तिने टाकी परत जवळजवळ रिकामी केली, कारण परीक्षा द्यायची तर अवघड पेपरातच द्यायची.

"वडोदऱ्यावाळाला मी हा बोलली छे," चंचलबेन म्हणाली. "हवे आ शुं नवं?"

"दोन फेऱ्या बघा, बेन. तळाला पेट्रोल ठेवून. मग तुम्हाला पाहिजे त्याला न्या."

चंचलबेनने गाडीकडे पाहिलं, योगेंद्रकडे पाहिलं, मग शेजारच्या सीटवर पट्ट्याने बांधलेल्या वाळूच्या गोणीकडे पाहिलं. धंदा तिने उगाच केला नव्हता.

"गोण काढ," ती म्हणाली. "तू बेस."

उज्ज्वलाच्या तोंडचं पाणी पळालं. अकरा वर्षं तिने गाड्या सरळ केल्या होत्या, पण रॅलीच्या गाडीत बसून ती कधी ताशी साठच्या वर गेली नव्हती. पण नाना बघत होते. ती बसली. योगेंद्रने हात लांब करून तिचे पट्टे करकचून आवळले आणि निघाला.

पहिली फेरी तो जपून गेला. जपून म्हणजे उज्ज्वलाला तीनदा आई आठवली. मातीचे खडे गाडीच्या पोटावर तडतडत होते, समोरची काच थरथरत होती, आणि बाभळीचं वळण धावत अंगावर आलं. त्याने ब्रेक नेहमीच्या जागेच्या बराच आधी दाबला. मागची बाजू उचलली गेल्याचं तिला पाठीत जाणवलं, सुटायच्या आधी जाणवतं तसं. ती सुटली नाही. योगेंद्रने एकदा झटकन तिच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या फेरीला त्याने जपणं सोडून दिलं. उताराला लागताच गियर वर, परत वर. खाजणातले बगळे फडफडून उडाले. बाभूळ दिसली, नेहमीची ब्रेकची जागा आली आणि मागे गेली. अजून ब्रेक नाही. "दाब!" असं ती ओरडली की नाही ते तिला नंतर आठवेना. त्याने दाबला. गाडीने नाक खाली घातलं, शेपूट हवेत तरंगली, आणि एका क्षणासाठी उज्ज्वलाची सगळी अकरा वर्षं त्या दोन अठरा मिलिमीटरच्या लोखंडावर टेकली. मग योगेंद्रने स्टिअरिंग वळवलं, शेपूट त्याला पाहिजे तेवढीच, बोटाने ढकलल्यासारखी, बाहेर आली, तिथेच थांबली, आणि गाडी वळणातून बंदुकीच्या गोळीसारखी बाहेर पडली. "आई शप्पथ!" उज्ज्वला किंचाळली. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुढचं सगळं वळण तिला धूसर दिसलं.

चंचलबेन छत्री फेकून स्टॉपवॉच नाचवत होती. "चार छप्पन! हिलालभाई, चार छप्पन!" नानांना त्या आकड्याचा अर्थ कळला नव्हता, पण तेही हात वर करून उभे होते.

गाडी थांबली. चंचलबेन खिडकीत वाकली, आनंदाने लाल झालेली. "तो भूल कोनी हती? आ दांडीनी ना?"

किती सोपं होतं. हो बेन, दांडीची. दांडीला काय, दांडी बोलत नाही. उज्ज्वलाने पट्टे सोडले. शेजारी योगेंद्र हेल्मेट घालूनच बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर बघत.

"म्हणजे मी नव्हतो," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो. मग हळूच म्हणाला, "मी बाबांना फोन केला होता, ताई. तिकडे कठड्यावरून. सांगितलं, माझ्याच्याने होत नाही, मी थकतो. ते काही बोललेच नाहीत."

"दे फोन," उज्ज्वला म्हणाली.

तिनेच नंबर लावला. खूप वेळ घंटी वाजली आणि मग फोनमधून साच्यांचा खडखडाट असा अंगावर आला की तिने तो कानापासून लांब धरला.

"धुडकूकाका! मी उज्ज्वला! हिलालनानांची उज्ज्वला! योगेंद्र थकला नव्हता!"

"काय?"

"तो थकला नव्हता! माझं माप चुकलं होतं!"

"काय म्हनस? जोरमा बोल व माय, साचा चालू शेत!"

चंचलबेनने वडोदऱ्याला नकार कळवायला आपला फोन काढला होता. नाना जवळ येऊन उभे होते. उज्ज्वला गाडीतून उतरली, मैदानाच्या मधोमध उभी राहिली, छाती भरून श्वास घेतला आणि पलीकडच्या कारखान्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "माझं चुकलं, काका! पोरगा नाही! माझं चुकलं!"